मणातले सोळा शेर

आमच्या आबांना हळू बोलताच येत नसे. कानात सांगायची गोष्टसुद्धा ते अशी सांगत की गोठ्यातले बैल माना वर करत. आई म्हणायची, "देवानं ह्यांच्या गळ्यात ढोल बसवलाय आणि वरचं झाकण लावायचं इसरला." येसाजी मापारी म्हटलं की कर्जतपासून खालापूरपर्यंत लोक आधी हसायचे आणि मग मान द्यायचे.

कर्जतच्या एका भाताच्या गिरणीत ते माप घालायचे. शेतकऱ्यानं गाडी सोडून भात ओतलं की आबा राशीसमोर उकिडवे बसत, पायली भरत, तळव्यानं वरची शीग सारखी करत आणि पोत्यात रिकामी करता करता ओरडत. पहिल्या मापाला आमच्याकडं ‘एक’ म्हणत नाहीत, ‘लाभ’ म्हणतात. "लाऽऽभ! दोऽऽन! तीऽऽन!" रस्त्यावरून जाणाऱ्याला कळावं, अमक्याचं भात आता कितीवर आलं. एकदा गिरणीचे शेठ वैतागून म्हणाले, "येसाजी, जरा हळू मोज ना रे, डोकं उठलं." आबांनी पायली खाली ठेवली. "शेठ, तोंडातल्या तोंडात मोजलं ते माप नव्हं, ती चोरी. ऐकू आलं तरच माप." मापारी बदलायचं शेठच्या मनातही आलं नाही, कारण येसाजीच्या मापावर भांडायला आजवर कुणी आलं नव्हतं.

मी त्यांची थोरली, द्वारका. आवाज आईचा घेतला, राग मात्र कुणाचा घेतला देव जाणे. नाकाच्या शेंड्यावर असायचा. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं मी आबांशी जशी वागले ते ऐकून तुम्ही मला नावं ठेवणार आहात. ठेवा.

सन अठ्ठेचाळीस. मी सातवीची फायनल पास झाले. आमच्या वाडीतून दोघीच पास, मी आणि भागूबाईची कोंडी. त्याच उन्हाळ्यात बातमी आली की पनवेलला मुलींसाठी शिक्षिकेचा वर्ग निघतोय. एक वर्ष तिथंच राहायचं, तिथंच जेवायचं, आणि बाहेर पडायचं ते मास्तरीण होऊन! मला झोप येईना. कारण दुसरी वाट मला ठाऊक होती. आई त्याच गिरणीत कोंडा पाखडायची. संध्याकाळी घरी आली की भुवयांवर, पापण्यांवर, केसांत तूस असायचं, आणि खोकला असायचा. नंबर लागला तर पनवेल. नाही लागला तर तिच्या शेजारी सूप घेऊन मी. इतकं सरळ होतं ते.

जागा थोड्या, मुली जास्त. पास तर सगळ्याच झालेल्या, मग निवडायचं कसं? शाळाखात्याच्या साहेबांनी ठरवलं, चिठ्ठ्या टाकायच्या. कर्जत तालुक्याला तीन जागा, खालापूर तालुक्याला दोन. दोन्हीकडच्या चिठ्ठ्या एकाच दिवशी दहिवलीच्या शाळेत निघणार. आमची वाडी पळसदरीच्या अंगाला, अगदी शिवेवर. जमीन खालापुरात आणि शाळा कर्जतात. साहेबांनी शिवेवरच्या मुलींना मोकळीक दिली, की कुठल्याही एकीकडं चिठ्ठी टाका, पण एकदा टाकली की परत घ्यायची नाही.

त्या दिवशी आबांनी गिरणीत खाडा केला. आयुष्यातला पहिला. डोक्याला नवा रुमाल बांधला आणि मला घेऊन चालत दहिवलीला निघाले. वाटेत भेटेल त्याला सांगत होते, "पोरीची चिठ्ठी हाय! मास्तरीण व्हनार हाय!" मला लाज वाटत होती आणि आतून उकळ्याही फुटत होत्या.

शाळेच्या ओसरीवर दोन भांडी मांडलेली. कर्जतसाठी तांब्याची घागर, खालापूरसाठी मातीचं मडकं. मागं फळा. कुणी चिठ्ठी टाकली की कारकून खडूनं आकडा वाढवायचा. आम्ही पोहोचलो तेव्हा घागरीत सात चिठ्ठ्या होत्या आणि मडक्यात चार. टाकायच्या राहिलेल्या आम्ही तिघीच, तिघी शिवेवरच्या. मी, कोंडी, आणि शेजारच्या गावच्या मास्तरांची सुचेता.

"घागरीतच टाकू या गं," सुचेता म्हणाली. "तिथं तीन जागा आहेत. मडक्यात दोनच." कोंडीनं मान हलवली. मलाही पटलं. तीन म्हणजे दोनपेक्षा जास्त, ह्यात काय विचार करायचा? मी चिठ्ठीची घडी घालून पाऊल उचललं, तोच आबांनी माझं मनगट धरलं.

"थांब."

ते फळ्याकडं बघत होते. ओठ हलत होते. गिरणीत एखादी गाडी अर्ध्यावर अडली की असंच तोंड व्हायचं त्यांचं. पुटपुटले, "घागरीत सात हायेत, तुझी धरून आठ. आठ चिठ्ठ्यांत जागा तीन. मडक्यात चार हायेत, तुझी धरून पाच. पाचांत दोन." मग त्यांनी डोळे मिटले. "आता समज, येक मण भात हाय. चाळीस शेर. आठ जणींत सारखं वाटलं तर येकीला पाच शेर. तीन जागांचं झालं पंधरा. आता त्योच मण पाच जणींत वाट. येकीला आठ. दोन जागांचं…"

त्यांचे डोळे खाडकन उघडले.

"सोळा!"

आणि ओरडले! अहो, कसे ओरडले! ओसरीवरची कबुतरं उडाली. "सोळा शेर! मडक्यात सोळा, घागरीत पंधरा! आगं पोरींनो, घागर दिसायला मोठी हाय, पन माप मडक्याचं जास्त हाय! येक शेर जास्त!"

एकाचा छेद आठ, दुसऱ्याचा पाच, दोघांचा समान छेद चाळीस! आमच्या मास्तरांनी छडी मारून मारून शिकवलेला अपूर्णांक, आणि सही करायला अंगठा पुढं करणाऱ्या माझ्या बापानं तो भाताच्या मणात मोजून दाखवला. एक क्षण मला इतका आनंद झाला की मी टाळ्याच वाजवल्या.

एकच क्षण. कारण तेवढ्यात कोंडी आणि सुचेता माझ्या दोन्ही बाजूंनी धावत गेल्या आणि दोघींनी आपापल्या चिठ्ठ्या मडक्यात टाकल्या. कारकुनानं चार पुसून सहा लिहिले.

"आबा!" मी किंचाळले.

आबांनी फळ्याकडं पाहिलं. चेहरा उतरला. पुन्हा ओठ हलले. "मडक्यात आता तुझी धरून सात. सातानं मण सरळ भागत नाय… दोन जागांचं अकराच्या वर आनि बाराच्या आत." मग पुन्हा तोच आवाज, जरा घोगरा. "घागर पंधराच. द्वारके, घागरीत टाक! आता घागर बरी!"

मी घागरीत टाकली. डोक्यात तिडीक गेली होती. माझ्यासाठी काढलेला हिशेब सगळ्या गावाला ओरडून सांगायची काय गरज होती? माझ्या कानात सांगता आलं नसतं?

चिठ्ठ्या काढायला शाळेच्या शिपायाची चार वर्षांची नात उभी केली. आधी मडकं. पहिली खालापूरच्या कुणा मुलीची. दुसरी साहेबांनी उलगडली आणि वाचली, "कोंडी." कोंडी मटकन खालीच बसली, आणि मग एकदम उठून मला मिठी मारली. मी लाकडासारखी उभी.

मग घागर. पहिली चिठ्ठी माझी नव्हती. दुसरी माझी नव्हती. तिसरीच्या वेळी आबांनी माझा हात इतका दाबला की बांगडी पिचली. तीही माझी नव्हती.

परतीच्या वाटेवर मी पाय आपटत पुढं चालले. आबा मागून येत होते आणि, सांगितलं तर खोटं वाटेल, ते गप्प होते. घरात शिरल्यावर मात्र माझा बांध फुटला. "तुमी गिळलीत माझी जागा! तुमच्या तोंडानं! कोंडी गेली, आणि मी कोंडा पाखडू? दुसऱ्यांच्या पोरींचं भलं करायला आला होतात का माझं?" आई मधे पडली तर तिलाही बोलले. काय काय बोलले ते सगळं इथं लिहवत नाही.

तेवढ्यात भागूबाई आली. कोंडीची आई, विधवा बाई, वाटीत साखर घेऊन धापा टाकत. तिनं वाकून आबांचे पायच धरले. "येसाजीभावजी, तुमी वरडला म्हनून माझी लेक तरली. घागरीत टाकनार व्हती येडी. तुमच्या तोंडात साखर पडू दे."

आता दुसरा कुणी असता तर साखर खाल्ली असती. आबा पाय मागं घेऊन म्हणाले, "नाय, वैनी. मी वाटंनं सारा हिशेब केला. मी द्वारकेच्या कानात सांगितलं असतं तर ह्या दोघी घागरीत गेल्या असत्या. नऊ चिठ्ठ्या, तीन जागा. मणातले तेरा शेर आनि वर शेराचा तिसरा हिस्सा. मडक्यात गेल्या तर सहा चिठ्ठ्या, दोन जागा. तेबी तेरा शेर आनि तिसरा हिस्सा. दान्याचा फरक नाय! माझ्या वरडन्यानं कोंडीचं कायबी वाढलं नाय. तिचं नशीब तिचं हाय. तुमी साखर पोरीला द्या."

भागूबाईला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. तिनं साखर आमच्या आईच्या हातावर ठेवली आणि डोळे पुसत गेली.

मग आबा माझ्याकडं वळले. खाली बसले, राशीसमोर बसावं तसे उकिडवे.

"तुझं मातुर गेलं, द्वारके. मी कानात सांगितलं असतं तर तू मडक्यात सोळावर असतीस. माझ्या तोंडानं पंधरावर आलीस. येक शेर गेला. तो मी खाल्ला. ते मी कबूल करतो."

मी पूर्ण मण त्यांच्या डोक्यावर टाकला होता, आणि हा माणूस आपल्या वाटणीचा एकच शेर काढून, नीट हात फिरवून, माझ्यासमोर ठेवत होता. ना कमी ना जास्त.

"आनि दुसरी येक चूक," ते म्हणाले. आवाज इतका खाली गेला होता की मला पुढं वाकावं लागलं. "मी सोळा का पंधरा, सोळा का पंधरा, ह्यातच नाचत ऱ्हायलो. पंधरा तुझे, तर पंचवीस दुसरीकडं व्हते. ते मी मोजलेच नायत. तुला आधी सांगायला पायजे व्हतं, की बाय, चांगल्या मडक्यातबी न मिळायचंच माप मोठं हाय."

तेव्हा मला रडू आलं. रागाचं नव्हे. मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून हुंदके देऊन रडले, आणि आई म्हणाली, "आता दोघांनी गिळा दोन घास, निवतंय समदं."

दुसऱ्या दिवसापासून मी सूप घेतलं. पूर्ण वर्ष. तूस डोळ्यांत जायचं, घशात जायचं, चोळीच्या शिवणीत जायचं. तिकडून आबांचा आवाज यायचा, "लाऽऽभ! दोऽऽन!" आणि मी पाखडता पाखडता मनात भाग पाडत बसायची. मणाचा सहावा किती, नववा किती, बारावा किती. कोंडीची पत्रं यायची. ती मी आधी भागूबाईला वाचून दाखवायची आणि मग मागच्या दारी जाऊन चुलीवर राग काढायची.

एकोणपन्नासच्या उन्हाळ्यात पुन्हा कळलं, वर्गात जागा आहेत. ह्या खेपेला कर्जतला दोन आणि खालापूरला फक्त एक. न निवडलेल्या जुन्या मुलींनाही परवानगी. मी उडीच मारली!

निघायच्या सकाळी आबांनी एक अख्खी सुपारी तोंडात टाकली आणि गाल फुगवून मला खुणेनं सांगितलं, आज तोंड बंद. आईला हसू आवरेना. "किती येळ टिकतंय बगू," ती म्हणाली. पण खरंच सांगते, वाडीपासून दहिवलीपर्यंत हा माणूस मुका चालला. वाटेत लोक विचारत, "येसाजी, बरं नाय का रं?" आबा नुसते गालावर बोट ठेवत. माझ्यासाठी.

तीच ओसरी, तीच घागर, तेच मडकं. फळ्यावर घागरीखाली पाच, मडक्याखाली एक. शिवेवरच्या आम्ही पुन्हा तिघी. मी आणि नव्या दोघी, माझ्याहून लहान. दोघी एकमेकींचा हात धरून उभ्या, आणि एकीची चोळी दंडावर ठिगळाची. म्हणत होत्या, "मडक्यात एकच जागा, तिथं कोण मरायला जाईल? घागरीत टाकू."

माझा हिशेब केव्हाच झाला होता. घागरीत माझी धरून सहा, जागा दोन. तेरा शेर आणि तिसरा हिस्सा. मडक्यात माझी धरून दोन, जागा एक. अर्धा! अर्धा मण, वीस शेर! दोन पावलं टाकायची आणि चिठ्ठी सोडायची, बस. त्या दोघी घागरीत जातील आणि माझे वीस शेर माझेच राहतील. वर्षभर तूस गिळलं होतं मी. कुणाच्या बापाला भीत नव्हते.

मी मागं बघितलं. आबा खांबाला टेकून उभे. गाल फुगलेला, मान खाली. फळ्याकडं त्यांनी पाहिलं होतं, त्यांनाही कळलं होतं. त्यांच्या कपाळावर घाम होता. बोलायचं नाही म्हणून माणसाला घाम फुटलेला मी तेवढा एकदाच पाहिला.

आणि त्या दोघी घागरीकडं निघाल्या.

"थांबा गं!" कोण ओरडलं? मी! मला स्वतःला कळायच्या आत. "घागरीत जाऊ नका! मडक्यात एकच चिठ्ठी हाय! तिथं मणातले वीस शेर हायेत, घागरीत तेरा! जागा किती ते बघू नका, जागा कितीत वाटायच्या ते बघा!"

दोघी वळल्या, एकमेकींकडं पाहिलं, आणि धावत जाऊन मडक्यात चिठ्ठ्या टाकल्या. कारकुनानं एक पुसून तीन लिहिले.

माझे वीस गेले. मडक्यात आता मी धरून चार, एका जागेला दहाच शेर. घागर तेराच्या वर. मी घागरीत टाकली. कारकुनानं सहा लिहिले.

तेवढ्यात खांबाकडून थूः असा आवाज आला आणि सुपारी अंगणात जाऊन पडली.

"दोन्हीकडं सारखं!" आबा गरजले. रुमाल डोक्यावरून सुटला होता. "सहांत दोन, तीनांत येक! हिकडं तेरा शेर आनि तिसरा हिस्सा, तिकडं तेरा शेर आनि तिसरा हिस्सा! नऊच्या नऊ पोरींचं माप येक! कुनाचं दानाभर कमी नाय! आगं द्वारके, आसं माप माझ्या हातानं जल्मात पडलं नाय गं!"

साहेब हसत होते. कारकून फळ्यावर भागाकार करून बघत होता. माझे कान तापले होते, आणि इतकं मोकळं वाटत होतं की काय सांगू. पंचवीसच्या वर शेर दुसरीकडं आहेत हेही मला पक्कं माहीत होतं. आबा येऊन माझ्या शेजारी उभे राहिले.

शिपायाच्या नातीनं आधी मडक्यात हात घातला. ठिगळाच्या चोळीवाली ती पोर निघाली. तिनं तोंडावर दोन्ही हात दाबून धरले आणि तिची मैत्रीण रडायला लागली.

मग घागर. पहिली चिठ्ठी कर्जतच्या बाजारातल्या कुणा मुलीची. दुसरी चिठ्ठी साहेबांनी उलगडली, चष्मा वर केला आणि वाचली.

"द्वारका येसाजी."

आबांच्या दाढीच्या खुंटांतून पाणी ओघळत होतं आणि ओठ नुसते हलत होते, आवाजच फुटेना. मग त्यांनी हात जोडले आणि कशीबशी दोनच वाक्यं म्हणाले.

"साहेब, मला ऐकू नाय आलं. परत वाचा, मोठ्यानं."

साहेब खुर्चीवरून उठून उभे राहिले आणि त्यांनी परत वाचलं.